कणगीपासून वजनकाट्यापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्यावे, असे कार्यकारिणीने मला सुचविले. शाळेत मी पुष्कळ वर्षे इतिहास शिकविला. परंतु पाठ्यपुस्तकातला तो इतिहास बहुतेक गडकोटांचा, लढायांचा आणि तहांचा. आपल्या मंडळात येणाऱ्या भगिनींपैकी पुष्कळजणींचे माहेर नाहीतर सासर प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालच्या गावांत आहे. त्या गावांत गेल्या शंभर वर्षांत एकही लढाई झाली नाही. तरीही तेथील माणसांचे जगणे मुळापासून पालटले. ते पालटले पाण्याने आणि पिकाने. ज्वारी मागे सरली, ऊस पुढे आला. या एका फेरबदलात घराघरांतील बाईच्या हातून काय गेले आणि तिच्या हाती काय आले, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

कालवा येण्यापूर्वीचा आपला मुलूख आठवा. आठवा म्हणजे आजीच्या तोंडून ऐकलेला आठवा, कारण तो आपल्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, हा अवर्षणाचा जिल्हा. काळी जमीन, भाद्रपद-आश्विनाच्या पावसावर भिस्त, आणि रब्बीचा जोंधळा हे मुख्य पीक. जोडीला बाजरी, हरभरा, करडई, थोडा कापूस. जोंधळ्याचे दाणे माणसांना आणि कडबा जनावरांना. एकाच पिकावर घर आणि गोठा दोन्ही चालत.

या पिकात बाईचे काम किती होते, ते मोजून पाहण्यासारखे आहे. खुरपणी तिची, कणसे खुडणे तिचे, खळे सारवणे तिचे, उफणणीला पाट्या भरून देणे तिचे, पाखडणे-निवडणे तिचेच. बियाणे राखणे तर सर्वस्वी तिच्याच हाती. चांगली टपोरी कणसे ती वेगळी काढी, उन्हे देई, राखेत घालून मडक्यात भरी. पुढल्या वर्षी शेतात काय पेरायचे ते त्या मडक्यांवर ठरे. माल खळ्यावरून घरी आला की कणगीत पडे; जास्त झाला तर पेवात जाई. पेवाचा हिशेब पुरुषांचा, पण कणगीवर हुकमत घरातल्या वडीलधाऱ्या बाईची.

माझी आजी सांगे, की तिच्या हाती रोकड रुपया वर्षातून चार-दोनदाच यायचा, पण तिला त्याचे अडत नसे. कासार आला की सुपात जोंधळे घालून बांगड्या भरायच्या. मीठ, कुंकू, सुया, बोंबील, सारे मापट्या-चिपट्याने घ्यायचे. माहेरवाशीण निघाली की तिच्या पिशवीत दोन शेर दाणे घालायला कोणाला विचारावे लागत नव्हते. दाणा हाच बाईचा पैसा होता, आणि तो तिच्या हाताच्या अंतरावर होता.

याचा अर्थ तो काळ सुखाचा होता असा मात्र कोणी घेऊ नये. जुन्या गावाची घडी त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात तपशिलाने मांडली आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांना वर्षाच्या कामाबद्दल खळ्यावर बलुते मिळे. ते दाण्याचेच. पण महार आणि मांग समाजाच्या वाट्याला याच व्यवस्थेत राबणूक आणि अपमान आला. खळ्यावरचा दाणा त्यांच्या बायकांनाही मिळे, पण तो वरून ओंजळीत पडे, हक्काने मापून मिळत नसे. महार वतनाच्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ती कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणून जुने सगळे गोड आणि नवे सगळे कडू, असा हिशेब मला मांडायचा नाही.

शिवाय दुष्काळ होताच. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, पाठोपाठ १८९९-१९०० चा. कणगी रिकामी झाली की बाईची हुकमतही रिकामी होई. या लागोपाठच्या दुष्काळांनंतर सरकारने १९०१ साली पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. दख्खनच्या अवर्षणी भागात कालवे काढावेत. त्यांतून सरकारला नफा झाला नाही तरी चालेल, पण अन्नाचे पीक वाचावे, असा एकंदर विचार पुढे आला. त्यातूनच नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निघाले आणि प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले. ते धरण १९२६ साली पूर्ण झाले. सुमारे ११ टीएमसी पाणी साठवणारे हे दगडी धरण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत उंच धरणांत गणले जाई. तेथले पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्याशी येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी आपल्या शिवारांत उतरते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे कालवे काढले दुष्काळात जोंधळा वाचावा म्हणून. पण जोंधळ्याला पाटाचे पाणी रोज लागत नाही. चांगला पाऊस झाला की काळ्या जमिनीची ओल त्याला पुरते. त्या वर्षी शेतकरी पाणी मागत नसे आणि पाणीपट्टीही भरत नसे. मग पाणी विकत घेणार कोण? ज्या पिकाला बारा महिने आणि त्याहूनही अधिक काळ पाणी लागते, ते पीक करणारा. तो ऊस. आडसाली ऊस तर आषाढ-श्रावणात लावला की दीड वर्ष जमिनीत उभा राहतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर असताना त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली होती. थोड्या जमिनीत ऊस आणि उरलेल्या जमिनीत हंगामी पिके, असे पाळीपाळीने केले म्हणजे पाणी अधिक गावांना पुरेल, हा तिचा हेतू. परंतु उसाची ओढ नियमांपेक्षा मोठी ठरली. दुष्काळासाठी आणलेले पाणी पैशाच्या पिकाकडे वळले.

ऊस पिकविण्याचे कसब आपल्या कोरडवाहू कुणब्याला प्रथम नव्हते. ते सासवडकडच्या माळी बागाईतदारांनी आणले. नीरेच्या कालव्यावर हात बसलेले हे लोक पुढे गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर आले, खंडाने जमिनी घेऊन मळे करू लागले. गावोगाव गुऱ्हाळे लागली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीच झालेला होता. त्यामुळे गूळ बाहेर पाठविण्याची सोय होती. आपले श्रीरामपूर हे या कालव्याचे आणि या गुळाचेच अपत्य. शहराचे नाव श्रीरामपूर, आणि स्टेशनावरील पाटी मात्र बेलापूरची, हे कोडे बाहेरगावच्या पाहुण्यांना पडते. त्याचे उत्तर एवढेच, की स्टेशन आधी आले, पेठ मागाहून उभी राहिली.

पुढे साखर कारखाने आले. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स, कोपरगावकडे साकरवाडी. १९३२ साली साखरधंद्याला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर हा धंदा जोमाने वाढला. कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. कित्येकांनी कर्जापायी दिल्या, कित्येकांनी नांगरटीला बैल नव्हते म्हणून दिल्या. खंडाची रक्कम ठरलेली, आणि ज्याच्या नावे सातबारा त्याच्या हाती पडणारी. ज्या घराची जमीन खंडाने गेली त्या घरातले खळे मोडले, कणगी रिकामी राहिली, आणि बाई प्रथमच दाणे विकत घेण्यासाठी नवऱ्याकडे पैसे मागू लागली. इतिहासाच्या पुस्तकात ही तारीख नाही, पण माझ्या मते आपल्या भागातल्या स्त्रियांच्या इतिहासात ती मोठी तारीख आहे. ती प्रत्येक घराची वेगळी आहे.

या खंडकऱ्यांची पुढची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडील जमिनी काढून घेण्यात आल्या. त्या सांभाळण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. मूळ मालकांना जमीन परत मिळावी म्हणून चळवळी झाल्या, आणि प्रत्यक्ष वाटपाला २०१२ साली सुरुवात झाली. तोवर खंडाचा कागद करणारे पुरुषही गेले होते आणि त्या जमिनीत कधीकाळी कणसे खुडणाऱ्या बायकाही गेल्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर मात्र एक फार मोठी आणि चांगली गोष्ट घडली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष. ऊस पिकविणाराच कारखान्याचा मालक, ही कल्पना त्या काळी पुष्कळांना अशक्य वाटत होती. ती शक्य झाली, आणि तिच्यामागून महाराष्ट्रभर कारखाने निघाले. त्यांतून रस्ते झाले, शाळा-महाविद्यालये झाली, दवाखाने झाले. आपल्यापैकी कित्येकजणी शिकल्या त्या या उसाच्या पैशावर शिकल्या. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या सहकाराच्या दारावर एक अट होती. सभासद व्हायचे तर ऊस पाहिजे, ऊस पाहिजे तर जमीन पाहिजे, आणि जमीन सातबाऱ्यावर नावाने पाहिजे. बायकांची नावे सातबाऱ्यावर कोठे होती? एखादी विधवा असेल तेवढीच. त्यामुळे बहुतेक घरी शेअर पुरुषाच्या नावे, मत पुरुषाचे, आणि उसाचे बिलही पुरुषाच्याच नावे निघे. जोंधळ्याचे माप घरात होई. तेथे बाई सूप घेऊन हजर असे. उसाचे माप कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. तेथे बाईचे काम नाही. माप जेथे होते तेथेच हुकमत राहते. कणगीवरून वजनकाट्यावर माप गेले, त्याबरोबर हुकमतही गेली, आणि कोणी ती काढून घेतली असे म्हणण्याजोगे एकही माणूस समोर नव्हते.

बागाईत घरातल्या बायकांचे शेतावर जाणे कमी झाले. त्यालाच लोक वैभव समजू लागले. ‘आमच्या घरच्या बाया रानात जात नाहीत’ हे वाक्य सोयरीक जमविताना मोठेपणाने सांगितले जाई. कष्ट कमी झाले हे खरेच, आणि ते कमी व्हायलाच हवे होते. पण त्याबरोबर बियाण्याचे ज्ञान गेले. उसाचे बेणे मळ्यातून येते, संकरित ज्वारीचे बियाणे १९६० नंतरच्या काळात दुकानातून येऊ लागले. संकरित ज्वारी दाणा जास्त देई, पण तिचा कडबा आखूड. पुढे गोठ्यात संकरित गाय आली. तिची उस्तवारी पहाटेपासून बाईची. दुधाच्या खात्यावर नाव मात्र बहुतेक ठिकाणी घरमालकाचे.

मग उसातले काम करते कोण? येथे आपल्याला आपल्या कालव्याबाहेर, कोरड्या तालुक्यांकडे पाहावे लागेल. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडे बीड जिल्हा येथून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तेथे मजुरीचा हिशेब माणसावर नसतो, ‘कोयत्या’वर असतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. मुकादम उचल देतो ती कोयत्याला; ती घेतो बहुधा पुरुष. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते, कोपीत स्वयंपाक करते, तान्ह्या लेकराला फडाच्या बांधावर निजविते. पण हिशेबाच्या वहीत ती अर्धा कोयता असते. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी माहिती आली ती वाचून मी काही दिवस बेचैन होते. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा पडू नये, दंड बसू नये, या धास्तीने दुखण्यावर कायमचाच उपाय करून टाकण्याचे प्रकार त्यांत होते. आपल्या चहातल्या साखरेच्या चमच्यामागे ही बाई उभी आहे. आपल्या भागातली बाई शेतातून घरात आली, तिच्या जागी दुसऱ्या तालुक्यातली बाई आपले घर सोडून शेतात आली. पाणी एका ठिकाणी गेले की माणसे त्याच्यामागे जातात, आणि सर्वांत जास्त ओझे घेऊन बाई जाते.

१९७२ च्या दुष्काळाने हा सगळा पेच उघडा केला. आपला मुलूख जोंधळ्याचा, आणि लोक रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो खात होते. ज्यांच्या घरी पूर्वी बियाणे मडक्यांत होते त्या बायका रस्त्यांवर खडी फोडीत होत्या. दुष्काळी कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी होती. मात्र एक गोष्ट तेथे नवी घडली. हजेरीपटावर बाईचे स्वतःचे नाव लागले आणि आठवड्याची मजुरी तिच्या स्वतःच्या हातावर मोजून पडली. त्या अनुभवातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. खडी फोडण्याचे कोणी गुणगान करू नये. पण स्वतःच्या नावाने मिळालेल्या दामाची चव त्या बायका पुढे विसरल्या नाहीत, असे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

जमिनीलाही या बदलाची किंमत द्यावी लागली. पाट सतत वाहिले, निचरा झाला नाही, आणि चांगली काळी जमीन पाणथळ होऊन वर पांढरे मीठ फुलले. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता; म्हणजे इशारा फार लवकर मिळाला होता. आपल्याकडेही चोपण झालेली रानेच्या राने दिसतात. जेथे एकेकाळी हुरड्याच्या आगट्या पेटत, तेथे आता वेडी बाभूळ उभी आहे.

आता पुन्हा जमिनीचा उपयोग पालटतो आहे. हमरस्त्यालगतची शेते बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडत आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ साली खुला झाला. त्यासाठी कोपरगावकडच्या शिवारांतून जमिनी गेल्या. उसाचे बिल निदान दरवर्षी येई. जमिनीचा मोबदला एकदाच येतो, आणि तो सातबाऱ्यावरील नावाला मिळतो. शंभर वर्षांपूर्वी खंडाच्या कागदावर जे झाले तेच आज खरेदीखताच्या कागदावर होते आहे. फरक एवढाच, की आज कायदा आपल्या बाजूने आहे.

तो कायदा कसा आला, तेही थोडक्यात सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच राहिला. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन भरले. त्यानंतरच्या काही वर्षांत शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे केला. १९९४ साली महाराष्ट्राने अविवाहित मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली तो देशभर सर्व मुलींना मिळाला, आणि वडील २००५ साली हयात नव्हते तरीही मुलीचा हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला.

कायदा झाला, पण वहिवाट चालूच आहे. भाऊबीज झाली, साडी मिळाली, आणि त्याच मुक्कामात हक्कसोडपत्रावर सही झाली, ही गोष्ट आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत घडते. माहेर तुटू नये ही बाईची भीती खोटी नाही. मी तिची थट्टा करणार नाही. कोणी हक्क सोडावा की ठेवावा हे जिने तिने ठरवावे. पण काय सोडतो आहोत ते कळून सोडावे. आपल्या आज्यांच्या हातून कणगी गेली तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आपल्याला निदान कागद पुढे करून सही मागतात. म्हणजे विचारतात. तेव्हा तो कागद आधी वाचून घ्यावा, आणि वाचून होईपर्यंत सहीला हात लावू नये.

एक सूचना करून हा लेख पुरा करते. आपल्या मंडळात पाककृतींची वही आहे, ओव्यांची वही आहे. तशीच तिसरी एक वही घालावी. प्रत्येकीने आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून लिहून आणावे: तुमच्या शेतात पूर्वी काय पिकत होते, बियाणे कोण राखी, दाणे कोण मापी, आणि ते केव्हा थांबले. त्याच पानाच्या खाली आजच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ती उतरून घ्यावीत. हा उतारा आता तलाठ्याकडे खेटे न घालता घरबसल्या पाहता येतो. आपल्या नातवंडांना ते येते. वरची ओळ आणि खालची ओळ एकत्र वाचल्या, की आपल्या भागाचा इतिहास वेगळा शिकवावा लागणार नाही. सांगणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. म्हणून हे काम पुढच्या स्मरणिकेवर ढकलू नये, एवढी विनंती आहे.